सोबत कोण आहे?



भिलाईत घर आणि दवाखाना एकाच नोकरीतून मिळत आले. पोलाद कारखान्यात नाव लागलं की टाउनशिपमध्ये क्वार्टर, आणि आजारपणात सेक्टर ९ चं जवाहरलाल नेहरू रुग्णालय. विदर्भातून इथं आलेल्या कितीतरी मराठी घरांचा संसार या दोन आधारांवर उभा राहिला. कोहका ही वस्ती मात्र टाउनशिपच्या बाहेर, रेल्वेरुळांपलीकडे. त्यातच शहर हावडा–मुंबई लोहमार्गावरचं, म्हणून कुठून कुठून माणसं इथं येऊन पोचतात. ज्याच्याजवळ घर नाही, दवाखान्याचं कार्ड नाही, असा एखादा माणूस इथं कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर झोपलेला दिसतो.

समजा, त्याच्या पायाला जखम झाली आहे. अंगात साखर, जखमेवर मळकं फडकं. कुणीतरी १०८ ला फोन करतं. गाडी त्याला सुपेल्याच्या लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालयात नाहीतर दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात नेते. तिथं पहिला प्रश्न येतो, “सोबत कोण आहे?”

प्रश्न विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आपला सरकारी दवाखाना नातेवाईक गृहीत धरूनच चालतो. केसपेपर काढायला, रक्ताची बाटली आणायला, स्ट्रेचर ढकलायला, रात्री पाणी पाजायला घरचं माणूस लागतं. एकेका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की तिच्या वाट्याचं निम्मं काम घरचेच करतात. बेघर माणसाला छप्पर नसतं हे सगळ्यांना दिसतं. त्याला सोबतही नसते, हे वॉर्डात गेल्यावर कळतं.

पुढे दवाखान्यातून सुट्टी मिळते. कागदावर लिहिलेलं असतं, एक दिवसाआड ड्रेसिंग, पाय कोरडा ठेवा, गोळ्या जेवणानंतर. पावसाळ्यात पायरीवर झोपणाऱ्यानं पाय कोरडा ठेवायचा कसा? आणि जेवणाचाच भरवसा नाही, तर जेवणानंतरची गोळी घ्यायची कधी? महिन्याभरात तोच पाय घेऊन तो परत येतो, आणि तेव्हा बोट कापायची वेळ आलेली असते.

अशा माणसांसाठी काय करता येतं? अमेरिकेत बॉस्टन शहरात डॉ. जिम ओकॉनेल यांनी १९८५ साली बेघरांसाठी काम सुरू केलं. तिथल्या निवाऱ्यातल्या नर्सनी त्यांना आधी स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि येणाऱ्यांचे पाय धुवायला बसवलं. पुढे तिथं एक खास आरोग्यगृह उभं राहिलं. दवाखान्यात ठेवण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर राहण्याइतका धडधाकटही नाही, अशा पेशंटसाठी. त्याला नाव दिलं त्या नर्सपैकीच एक असलेल्या बार्बरा मॅकिनिस यांचं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरात दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असा एक निवारा हवा, असं बजावलं. म्हणजे छपराचा विचार झाला आहे. पण अशा निवाऱ्यात, रैनबसेऱ्यात, ड्रेसिंग कोण बदलणार? आरोग्य केंद्रातली सिस्टर ठरलेल्या दिवशी तिथं गेली, तर कितीतरी पाय वाचतील.

मनाचा आजार असला, तर गुंता वाढतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे. अशा भटकणाऱ्या माणसाला कोठडीत ठेवायचं नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. छत्तीसगडचं राज्य मानसिक रुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरीला आहे. पण तिथून बरा झालेला माणूस कुणाच्या हवाली करायचा?

याचं उत्तर कर्जतला सापडतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी मुंबईत एका तरुणाला नारळाच्या करवंटीनं गटाराचं पाणी पिताना पाहिलं. उपचारांनंतर कळलं, तो बी.एस्सी. झालेला, आंध्रातल्या चांगल्या घरातला. त्यांनी १९८८ मध्ये श्रद्धा फाउंडेशन सुरू केलं. त्याच्या कर्जतच्या केंद्रातले कार्यकर्ते बऱ्या झालेल्या पेशंटला त्याच्या गावापर्यंत सोडायला जातात आणि आजार काय, गोळ्या का थांबवायच्या नाहीत, हे घरच्यांना समजावतात. डॉ. वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसं अशी घरी पोचली होती. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे मंदिर-मशिदींबाहेर बसणाऱ्यांना तिथंच तपासतात, त्यांच्याशी आजी-आजोबांचं नातं जोडतात आणि भीक सोडून काम करायला राजी करतात. डॉक्टर असूनही या मंडळींनी नातेवाइकाची जागा घेतली.

ती जागा कोहक्यातल्या कुणालाही घेता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही. गल्लीगल्लीत गणपतीच्या मंडपात पाळ्या लावून रात्र जागणारी मुलं आहेत. बेवारस पेशंट भरती झाला, की त्याच्यासाठी चार-सहा जणांनी तशाच पाळ्या लावाव्यात. सकाळी एकानं औषधं आणावीत, संध्याकाळी दुसऱ्यानं चपाती-भाजी न्यावी, दवाखान्यातून सुट्टी मिळेल त्या दिवशी तिसऱ्यानं निवाऱ्यापर्यंत सोडून यावं आणि पुढच्या ड्रेसिंगची तारीख लक्षात ठेवावी. दवाखान्याला उपचार करता येतात. सोबत वस्तीनंच द्यायची असते.