सर्व्हर बंद का पडतो?



बँकेच्या खिडकीशी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द ऐकले नाहीत असा गृहस्थ या सभेत विरळाच. ते उच्चारले की पुढे बोलणेच खुंटते; जणू अवकाळी पावसासारखी ही दैवाधीन गोष्ट! ती तशी नाही, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे. सर्व्हर म्हणजे अनेकांची कामे एकाच वेळी करणारा, बहुधा दूरच्या खोलीत ठेवलेला संगणक. तो वर्षाकाठी किती वेळ बंद राहिलेला चालेल, हे विकत घेणाराने आधीच ठरवावयाचे असते.

आय.बी.एम.च्या मोठ्या संगणकांबरोबर या क्षेत्रात तीन कसोट्या रूढ झाल्या. यंत्र क्वचित बिघडावे, ही पहिली. हवे तेव्हा ते कामावर हजर असावे, ही दुसरी. आणि बिघाड चटकन सापडून दूर करता यावा, ही तिसरी. गिऱ्हाईक पहिलीवर भाळते. आमच्या मते मात्र तिसरीला अधिक मोल द्यावे.

हिशेबच करून पाहू. एक यंत्र वर्षातून एकदाच बिघडते, पण दुरुस्तीला 24 तास लागतात. दुसरे चार वेळा बिघडते, पण दर खेपेस अर्ध्या तासात उभे राहते. पहिले वर्षातले 99.73 टक्के वेळ हजर, तर दुसरे 99.98 टक्के! ज्या ‘पाच नवांचा’ म्हणजे 99.999 टक्क्यांचा डांगोरा पिटला जातो, त्यात साऱ्या वर्षात अवघी सव्वापाच मिनिटे सुटी मिळते. (हवामानाचे सलग चालणारे गणित मधूनच तुटत असेल, तर चार वेळा बिघडणारे यंत्र परवडणार नाही, हेही खरे.)

हे शहाणपण नवे नव्हे. 1946 साली अमेरिकेत जाहीर झालेल्या एनिॲक संगणकात सुमारे 18,000 निर्वात नळ्या होत्या. एकेक नळी कितीही टिकाऊ असो, इतक्यांत दोन-चार दिवसांत एखादी जायचीच. म्हणून त्यातील आकडे मोजणारे भाग उपटून दुसरे बसविता येतील असे केलेले होते. आजच्या सर्व्हरमधील डिस्क, पंखे, वीजपुरवठ्याचे डबे यंत्र चालू असतानाच बदलता येतात, ते याच विचाराने.

परंतु थांबणाऱ्या यंत्रापेक्षा न थांबता खोटे सांगणारे यंत्र अधिक भयंकर. 2003 साली बेल्जियममधील स्कारबेक येथे मतमोजणीत एका उमेदवाराला 4096 मते जादा मिळाली. शक्य होती त्याहून मते अधिक झाली म्हणून तरी ते लक्षात आले! 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतील एकच बिट आपोआप उलटले असावे, असा तर्क निघाला. यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 सालीच मांडला होता. चूक आढळताच यंत्र काम टाकून देई. त्यांना वाटले, चूक कळते तर ती सुधारता का येऊ नये? सर्व्हरच्या मेमरीतील रूढ पद्धतीत 64 बिटांमागे 8 बिटे पहाऱ्याला असतात. एक बिट उलटले तर ती सुधारतात, दोन उलटली तर निदान ओरडतात.

आता माणसाकडे वळू. टँडेम कंपनीच्या संगणकांच्या बिघाडांचा हिशेब जिम ग्रे यांनी 1985 साली मांडला. यंत्रभागांमुळे 18 टक्के, प्रोग्रॅममुळे 25 टक्के, आणि देखभाल व चालविणे यांतील चुकांमुळे 42 टक्के! जोडीतील एक डिस्क जाते, काम अडत नाही, म्हणून पिवळ्या दिव्याकडे कुणी पाहत नाही. दुसरी गेली की धावपळ. किंवा कारागीर येतो आणि घाईत चांगली डिस्कच उपसतो. वीजपुरवठ्याचे दोन डबे घ्यावयाचे आणि दोघांच्या वायरी एकाच बोर्डात खोचावयाच्या, हेही चालते.

आपल्यापैकी पुष्कळजण सहकारी बँकांचे सभासद आहात. पुढल्या वार्षिक सभेत सर्व्हर किती रुपयांचा, हे विचाराच. पण त्याचा दिवा रोज कोण पाहतो, जादा डिस्क कपाटात आहे की मुंबईहून यावयाची, आणि ती बसविण्याचा सराव शेवटी केव्हा केला, हेही विचारा.