पुढच्या चाकांवरचा भार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वर्धा जिल्ह्यात मोटार चालवणाऱ्याला वर्षभरात तीन निरनिराळे रस्ते भेटतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढला, की डांबर मऊ पडते. पावसाळ्यात काळी माती फुगते, पांदण रस्त्याने वावरातून आलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या ती चाकांसोबत डांबरी रस्त्यावर आणतात, आणि वरून एक सर आली की रस्त्याला साबण फासल्यासारखे होते. तिसरा रस्ता नवा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि येळाकेळीला किंवा विरूळला चढले की ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेचा सिमेंटचा रस्ता समोर येतो. या तिन्ही रस्त्यांवर गाडी तीच आणि चार टायरही तेच. ते निवडायचे कसे, याबद्दल आज थोडे बोलू.

आधी गाडीकडे पाहू. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात इंजिन पुढे असे आणि त्याचा जोर लांब शाफ्टमधून मागच्या चाकांना मिळे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि सर्वसामान्यांच्या मोटारीत इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांना मिळू लागला. आज आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारी याच पद्धतीच्या आहेत. जागा वाचते, वजन वाचते, पेट्रोलही वाचते. पण पुढच्या दोन टायरांवर तीन कामे येऊन पडतात: गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेक लागला की थांबवण्याचा मोठा वाटा उचलणे. इंजिनही त्यांच्याच डोक्यावर.

टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ठरलेली रक्कम एकाच कामावर उधळली, तर दुसऱ्यासाठी हातात काही उरत नाही. ओल्या वळणावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला, तर पकड ओढण्यात खर्च होते, वळायला शिल्लक राहत नाही आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट चढताना आणखी एक गोष्ट घडते. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, ओढणारी पुढची चाके हलकी होतात आणि पाऊस असेल तर जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी पुष्कळांच्या मनात येते, ‘रुंद, भारीतले टायर टाकून घ्यावेत.’

दुकानात ज्यांना परफॉर्मन्स टायर म्हणतात, त्यांत तीन गोष्टी असतात. रबर मऊ असते, पट्टा रुंद असतो आणि टायरची बाजूची भिंत बुटकी असते. मऊ रबर रस्त्याच्या खरखरीत पृष्ठभागात चांगले रुतते, म्हणून पकड वाढते. मात्र ते झिजतेही लवकर. बुटकी भिंत वळणावर कमी वाकते, म्हणून स्टिअरिंग चटकन ऐकते. पण खड्ड्याचा दणका झेलायला तिच्यापाशी रबर आणि हवा कमी असते.

हे आकड्यांत पाहा. मारुती स्विफ्टच्या साध्या आवृत्तीला १६५/८० आर १४ आकाराचा टायर येत असे, वरच्या आवृत्तीला १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे. शेवटचा आकडा रिमचा, इंचांत. हिशेब केला तर दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच येतो, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. पण भिंत १३२ मिलिमीटरवरून १२० वर येते. कोणी हौसेने १९५/५५ आर १६ बसवला, तरी व्यास तेवढाच राहतो आणि भिंत उरते १०७. म्हणजे मूळच्यापेक्षा अडीच सेंटीमीटर कमी. काळ्या मातीवरचे आपले रस्ते उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसात फुगतात, त्यामुळे कडा तुटतात, खड्डे पडतात. तिथे हे अडीच सेंटीमीटर फार मोलाचे आहेत. रिम वाकणे आणि टायरच्या बाजूला फुगा येणे, ही त्यांच्या अभावाची फळे. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो.

आणि रुंदी? कोरड्या डांबरावर तिचा उपयोग आहे. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावे लागते. नाही सारता आले, तर टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्त्याशी त्याचा संबंध सुटतो. चिखलाचे गणित आणखी वेगळे. आपली माती इतकी चिकट, की साध्या टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात आणि मग महागडा टायरही गोटा झालेल्या टायरसारखाच वागतो. वावरापर्यंत गाडी न्यायचीच असेल, तर तो प्रश्न टायरच्या किमतीने सुटत नाही. गाडी डांबरी रस्त्यावर उभी करून पुढे पायी जाणे स्वस्त पडते.

मग निवडायचे काय? माझे मत स्पष्ट आहे. कंपनीच्या पुस्तिकेत तुमच्या गाडीसाठी जे आकार दिले आहेत, त्यांतलाच घ्यावा. पैसे रुंदीवर घालू नयेत, ओल्या रस्त्यावरच्या पकडीवर घालावेत. पाणी बाहेर काढणाऱ्या रुंद, सलग उभ्या खाचा आहेत का ते पाहा. काही टायरांच्या बाजूवर ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी अशी श्रेणी असते. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबण्याची आहे, आणि एए सर्वांत चांगली. ‘ट्रेडवेअर’पुढचा आकडा जितका मोठा, तितका टायर सहसा जास्त टिकतो. भार आणि वेगाचा निर्देशांकही वाचा. ८८ एच म्हणजे एका टायरला ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. पुस्तिकेतल्यापेक्षा खालचा निर्देशांक कधीही चालवून घेऊ नका. शेवटी चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३२५ असेल, तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात तीन-चार वर्षे पडून राहिलेल्या टायरवर सूट मिळत असली, तरी ती सोडून द्यावी.

ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे महत्त्व सरकारनेही मानले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरसाठी या पकडीचे, तसेच आवाजाचे आणि घर्षणात वाया जाणाऱ्या इंधनाचे निकष आणले. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे आहे, पण एबीएस पकड निर्माण करत नाही. टायरने दिली तेवढीच तो जपून वापरतो.

आता पुष्कळांना पटत नाही अशी गोष्ट. पुढची चाके जास्त झिजतात, म्हणून खिशाला झेपतील तसे दोनच नवे टायर घेतले जातात आणि ते सरळ पुढे बसवले जातात. टायर बनवणाऱ्या कंपन्यांचा सल्ला उलट आहे: नवी जोडी मागे लावा. कारण असे. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली, तर गाडी बाहेरच्या बाजूला रेटते. घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, भार पुढे येतो आणि बहुधा गाडी सावरते. मागची पकड सुटली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि तेव्हा ॲक्सिलरेटर सोडणे अधिकच घातक ठरते. पट्टीचा चालक ती सावरेलही, पण सेवाग्रामच्या दवाखान्यात पेशंट घेऊन निघालेल्या माणसाकडून ती अपेक्षा कशी करावी? अर्थात पुढे राहणारी जोडीही धड हवी. झीज मुळातच सारखी ठेवायची, तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा. पुढची चाके सरळ मागे, मागची उजवी-डावी बदलून पुढे. फक्त बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर डावे-उजवे बदलू नयेत.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे, की ऊन वाढले म्हणजे हवा कमी ठेवावी. हे धोक्याचे आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि आतून तापतो. ताशी १२० च्या वेगाने, दर सेकंदाला ३३ मीटर कापत, तासभर सलग जाताना हीच उष्णता टायर फोडते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब गाडी थंड असताना, शक्यतो सकाळी, भरून घ्यावा आणि तापल्यावर वाढलेला दाब पाहून हवा काढू नये. नायट्रोजन भरायला हरकत नाही. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर दाब तपासणे सोडू नका.

पैसे थोडे असतील, तर क्रम असा ठेवा. आधी दाब, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. ही कामे स्वस्त आहेत. मग योग्य आकाराचे चार सारखे टायर. चार जमत नसतील तर दोन, आणि ते मागे. रुंद रिमची हौस सर्वांत शेवटी. टायरच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीची लहान उंचवटी असतात. बटणे झिजून त्यांना टेकली, की टायरचे आयुष्य कायद्यानेही संपले. पावसाळ्यासाठी तर त्याच्या बरेच आधी टायर बदलावा, कारण खाच उथळ झाली की पाण्याला जायला वाट उरत नाही. मृग लागण्यापूर्वी एकदा चारही चाकांजवळ वाकून, खाचेत बोट घालून पाहा. स्टेपनीही विसरू नका.