गोदावरीच्या अलीकडची माकडं

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघायला जायची टूम हल्ली आपल्याही नात्यागोत्यात निघाली आहे. परदेशी पाहुण्याला एका परवान्याचे जुलै २०२४ पासून ८०० डॉलर पडतात. गोरिलांच्या एका कुटुंबाजवळ दिवसातून एकदाच माणसं नेतात, फार तर आठ, आणि तीही तासभर. सर्दी-खोकला असेल तर जवळ जाऊ देत नाहीत, कारण आपलं पडसं गोरिलाच्या जिवावर बेतू शकतं. पूर्वी सात मीटर लांब उभं राहावं लागे, कोरोनानंतर ते अंतर दहा मीटर झालं. खायला देण्याचा तर प्रश्नच नाही.

आम्ही काही तिकडे गेलेलो नाही. आम्ही चार कुटुंबं मिळून उटनूरमार्गे कव्वालला गेलो. १९६५ पासूनचं हे अभयारण्य २०१२ साली व्याघ्र प्रकल्प झालं. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार भाग झाले आणि जन्नारम मंचेरियालकडे गेलं. आपण मात्र अजून त्याला आदिलाबादचंच जंगल म्हणतो. वाघ दिसला का, हे सगळ्यांनी विचारून झालंय. नाही दिसला. पण वानरं दिसली, आणि आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच.

मराठीत आपण वानर आणि माकड असे दोन शब्द ठेवलेत ते उगीच नाही. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, मुख्यतः पाल्यावर जगणारं. त्याच्या पोटात निरनिराळे कप्पे असतात. तिथे सूक्ष्मजीव पाला आंबवतात, तेव्हा कुठे तो पचतो. गोड आणि पिठूळ खाण्यानं हे सगळं तंत्र बिघडू शकतं. वानरं वर बसून पाला तोडतात, अर्धा खातात, अर्धा खाली टाकतात. खाली चितळं तो वेचतात. वरून वानर खेकसलं की चितळांच्या माना वर. आमच्या गाडीतल्या पोरांनी हे बघितलं आणि वाघाचं नाव काढणं बंद केलं.

आता शेपटीची गंमत. चालताना आपल्याकडच्या वानराची शेपटी पाठीवरून कमानीसारखी पुढे, डोक्याकडे वळते. दक्षिणेकडच्या वानराची वर उठून मागे झुकते. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी देशभरातल्या अशा शेपट्यांचा अभ्यास केला. या दोन तऱ्हांची सीमा साधारण तापी-गोदावरीच्या रेषेवर येते, आणि आपण त्या रेषेच्या उत्तरेला राहतो.

माकडांचंही तसंच. महाबळेश्वरला सहलीला गेलेल्यांनी पाहिलं असेल, तिथल्या माकडाच्या डोक्यावर केसांची टोपी असते आणि शेपटी चांगली लांब. निर्मलच्या घाटात बसतात ती लाल तोंडाची, आखूड शेपटीची, उत्तरेकडची जात. पूर्वी या दोघांमध्येही गोदावरीच आडवी होती. आता ती सीमा मोडली आहे. लाल तोंडाची माकडं नदी ओलांडून दक्षिणेत पसरली आणि टोपीवाल्यांचा मुलूख आकसत चालला, असं अभ्यासकांनी २०११ मध्येच मांडलं. एका गावातून पकडायची आणि दुसऱ्या रानात सोडायची, या माणसाच्या उद्योगाचाही त्यात हात आहे.

बासरला अक्षराभ्यासासाठी जाणारी आपली मंडळी महबूब घाटात हमखास थांबतात. शनिवार असला तर मारुतीच्या नावानं डझनभर केळी. भाव चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण आयतं खाणं मिळालं की टोळी रस्त्यावरच मुक्काम ठोकते, पिल्लं जास्त होतात आणि जास्त जगतात. मग ती वाहनांखाली येतात, नाहीतर शेतात उतरतात. माकडांपायी भुईमूग आणि मका सोडून दिलेले शेतकरी आपल्या ओळखीत आहेत. त्यांच्यापुढे मारुतीचं नाव काढून बघा काय ऐकायला मिळतं! २०२० च्या अखेरीस सरकारनं निर्मलजवळ चिंचोलीला माकडांसाठी केंद्र काढलं, तिथे त्यांची नसबंदी करून पुन्हा रानात सोडतात. काम गरजेचंच. पण एकीकडे नसबंदी आणि दुसरीकडे घाटात केळी, हे कसं जुळायचं?

म्हणून यंदा गणपतीपुढची उरलेली फळं घाटाकडे न्यायची नाहीत, असं आम्ही काही घरांनी ठरवलं आहे. ती गोठ्यात जातील, नाहीतर वाटली जातील. घाटातून जाताना गाडीच्या काचा वर. आजींना हे पटवायला जरा वेळ लागला. त्यांचं म्हणणं, मारुती उपाशी राहील. नातीनं उत्तर दिलं, मारुती पाला खातो, आजी, मी कव्वालला बघितलंय. आजी हसल्या, पटलं की नाही, ते मात्र सांगितलं नाही.

पावसाळ्यात सफारी बंद असते. दसऱ्यानंतर पुन्हा जायचं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी विसर्जनाच्या दिवशी नावं द्यावीत. दुर्बीण असेल तर आणा, आणि वानर चालायला लागलं की आधी शेपटी बघा.