वर्षभराचे देशाटन आणि आपली लाज

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात सायखेडा येथे केलेले भाषण)



मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाने परदेशगमनावर बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. आम्ही समुद्र पाहिला तो मुंबईच्या चौपाटीवरून. तथापि आज परदेशी निघालेली मुले आमच्या हाताखालून गेली आहेत, एवढ्याच अधिकारावर चार शब्द सांगतो.

प्रारंभ आपल्या गोदामाईपासून करू. 1888 साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले. जो कोणी त्यांना मदत करील अथवा बंदरावर निरोप देण्यास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरला. 1891 साली ते बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा ज्ञातीच्या समाधानासाठी थोरल्या बंधूंनी त्यांना नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घातले आणि पुढे राजकोटास ज्ञातिभोजन दिले. तेच पाणी नाशिकाहून आपल्या सायखेड्यावरून वाहत गेले असेल.

आता असा दंड कोणी करीत नाही. उलट परदेशी पदवी मिळविणाऱ्याचे छायाचित्र आपण स्मरणिकेत कौतुकाने छापतो. समुद्राचा विटाळ गेला हे चांगलेच झाले. परंतु त्या रिकाम्या जागी दुसरा विटाळ येऊन बसला आहे, आणि तो श्रमाचा आहे.

अलीकडे पदवीनंतर एखाददुसरे वर्ष परमुलखात राहावे, मिळेल ते काम करून खर्च भागवावा आणि जग पाहावे, अशी वाट तरुणांस मोकळी झाली आहे. ब्रिटनने 2023 साली भारतीय पदवीधरांसाठी वर्षास 3,000 जागांची योजना सुरू केली. ऑस्ट्रेलियाने 2024 साली 1,000 जागांची. दोन्हींस वयाची अट 18 ते 30 वर्षांची ठेवली गेली व निवड सोडतीने ठरली. सोडत त्या त्या सरकारची असल्याने 'तुमची चिठ्ठी हमखास काढून देतो' म्हणणाऱ्या दलालास पैसे देणे म्हणजे ते पुराच्या पाण्यात टाकणे होय.

आमचा एक विद्यार्थी शेतकीची पदवी घेऊन असाच वर्षभर बाहेर राहिला. तेथे तो द्राक्षतोडणीस जात असे. वडील मात्र भावकीत सांगत, "चिरंजीव उच्च शिक्षणास गेले आहेत." तो परतला तेव्हा गावाने विचारले, "किती आणलेस?" आम्हीही तेच विचारले. मुलगा हसला आणि गप्प झाला. आमच्या त्या प्रश्नाची आम्हांस आजही खंत वाटते.

पुढे ऑक्टोबर छाटणीच्या वेळी त्याच्याच बागेत तो आपण होऊन बोलला. "गुरुजी, आपल्याकडे पेठ-सुरगाण्याहून माणसे कामाला येतात. जाण्यापूर्वी मला त्यांतल्या एकाचेही नाव ठाऊक नव्हते. तिकडे पहिले कित्येक दिवस मला कोणी नावाने हाक मारली नाही, तेव्हा ही माणसे आठवली." पावसाने काम बंद पडले की तेथे त्याची मजुरी बुडे, पण मिळे ती दर आठवड्यास लेखी हिशेबासह मिळे. आता त्याच्या बागेत मजुरांस सावलीची जागा आहे आणि शनिवारी प्रत्येकाच्या हाती हिशेबाची चिठ्ठी पडते. 'किती आणलेस' या प्रश्नाचे खरे उत्तर ते होते. आम्हांस ते ऐकू आले नव्हते.

धर्मानंद कोसंबी 1899 साली गोव्यातील घर सोडून ज्ञानासाठी निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, 1902 साली लंकेस जाऊन पाली शिकले, आणि 1910 साली हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनास गेले. आपल्या हालअपेष्टा त्यांनी लपविल्या नाहीत; 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहून ठेवल्या. मात्र मागे त्यांची पत्नी आणि लहानगी मुलगी होती, याचेही विस्मरण होऊ नये. एक जण देशाटनास जातो, तेव्हा त्याचे ओझे घरी राहणारा उचलतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या मागे बाग सांभाळली ती त्याच्या आईने व धाकट्या बहिणीने. आता त्या बहिणीने जाण्याची इच्छा बोलून दाखविली आहे. भावाचा निर्णय घरात एका रात्रीत झाला. हिचे नाव निघताच आठ दिवस अबोला! बंधूंनो, तिचे वय, शिक्षण आणि हिंमत भावाहून कमी नाही. तिच्या सुरक्षिततेची चौकशी अवश्य करा. पण भावाच्या वेळी जी केली नाही ती चौकशी केवळ नकारासाठी करू नका.

प्रत्येकाने जावेच, असे आमचे म्हणणे नाही. कर्ज काढून, जमीन गहाण टाकून तर मुळीच जाऊ नये. संस्थेस एवढीच विनंती की, वार्षिक संमेलनात परत आलेल्या मुलामुलींस एक तास द्यावा. हारतुरे नकोत. त्यांनी कोणते काम केले, कोठे फसले, काय शिकले, हे त्यांनी सांगावे आणि आपण खाली बसून ऐकावे. ज्या दिवशी एखादा बाप याच व्यासपीठासमोर "माझा मुलगा तिकडे मजुरी करीत होता" असे ताठ मानेने म्हणेल, त्या दिवशी हा दुसरा विटाळही गोदावरीत धुतला गेला असे आम्ही समजू.