वहीत न मांडलेली विहीर
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागलात. आकडे मांडू लागलात. म्हणून आज एक हिशोब सांगतो. हिशोब माझाच आहे, आणि तो चुकलेला आहे.

नोकरीतून निवृत्त झालो आणि शेतात बोअर घेतला. पाणी लागलं. मशीनवाल्याला पैसे मिळाले, पाइपवाल्याला मिळाले, मोटारवाल्यालाही मिळाले. मी ऊस लावला, मला चार पैसे सुटले. हे सगळं देशाच्या उत्पन्नात जमा झालं.

पण त्याच उन्हाळ्यात बांधापलीकडची विहीर आटली. त्या वहिनींना म्हैस विकावी लागली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं पाणी वाढलं, माझं आटलं. हा हिशोब कसा?" मी जन्मभर मुलांना जमाखर्च शिकवला. पण मला उत्तर देता आलं नाही.

देशाचंही असंच होतं. वर्षात जेवढा माल तयार झाला, जेवढी कामं झाली, त्यांच्या किमतीची बेरीज म्हणजे देशाचं उत्पन्न. ही बेरीज लागतेच. पण झाड तोडून विकलं की ती वाढते. उभ्या झाडाची सावली तिच्यात येत नाही. आई घरात राबते, तेही येत नाही. कुणाच्या वाट्याला किती आलं, हे तर ती सांगतच नाही.

म्हणून काही देश आता दुसरी वही ठेवू लागले आहेत. भूतानने 2008 साली आपल्या राज्यघटनेत लोकांच्या सुखाला जागा दिली. इंग्लंडला लागून असलेल्या वेल्सने 2015 साली कायदा केला. सरकारी कारभार करताना पुढच्या पिढ्यांचाही विचार झाला पाहिजे, असं तो सांगतो. आपल्या राज्यघटनेचं 39 वं कलमही हेच सांगतं: साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी, थोड्यांच्या हाती साचू नये.

हे काम फक्त दिल्लीचं आहे का? नाही. आपल्याच जिल्ह्यातलं हिवरेबाजार पाहा. तिथं दर वर्षी गाव पाण्याचा हिशोब मांडतं. आधी पिण्याचं पाणी, मग पिकं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही, असं गावानंच ठरवलं.

आपल्या जामखेडातही असं काम झालं आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथं आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित घरांतल्या होत्या. पुढं सगळ्या जातींची घरं त्यांनाच बोलावू लागली. 1971 साली त्या गावांत जन्मलेल्या हजार मुलांपैकी 176 मुलं वर्षाची होण्याआधी दगावत. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. त्यांच्या वहीत पहिला आकडा पैशाचा नव्हता, जगलेल्या लेकरांचा होता.

मंडळी, आपल्या गावचा विकास आराखडा ग्रामसभेत ठरतो. तिथं गप्प बसू नका. प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. याचा फायदा कुणाला? याचा तोटा कुणाला? आपल्या नातवंडांसाठी काय उरणार?

मी यंदा ऊस मोडला आहे. ज्वारी आणि तूर केली आहे. बोअरचं पाणी वहिनींच्या जनावरांनाही देतो. पण एवढ्यानं त्यांची विहीर भरत नाही, हे मला कळतं. नियम साऱ्या गावानं केला, तरच ती भरेल.

तेव्हा येत्या ग्रामसभेत पहिला प्रश्न माझ्याच बोअरबद्दल विचारा. मी उभा राहून उत्तर देईन.