हंड्याचा हिशेब

तोटी फिरवावी आणि पाणी यावें, यांत विशेष तें काय, असें बहुतेक श्रोत्यांस वाटेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीभोवतीं, बिरवाडीच्या बाजूस, भाड्याच्या ज्या खोलींत नळ नाहीं, तिचा दिवस मात्र याच विवंचनेंत उगवतो.

पंधरा लिटरांचा हंडा म्हणजे नुसत्या पाण्याचें वजन पंधरा किलो, भांड्याचें निराळें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेनें खेड्यांतील घरांसाठीं माणशीं रोज ५५ लिटर हें प्रमाण धरलें. पांच माणसांस त्या मानानें २७५ लिटर, म्हणजे अठरांवर हंडे झाले. इतके डोक्यावरून कोण आणील? पांच-सहा झाले कीं कंबर बोलूं लागते. मग काटकसर सुरू होते. तांदुळाच्या धुवणानें भांडीं विसळावीं, तेंच पाणी मोरीस घालावें, धुणें आठवड्यावर ढकलावें. पाहुण्याच्या हातावर पाणी घालतांना घरधनिणीची नजर पिंपाच्या तळाकडे जाते. टँकर उशिरा आला तर रोज बुडतो तो तिचा, शाळा बुडते ती मुलीची. घरधनी रात्रपाळीहून येऊन निजलेला असतो. तो थकलेला असतो हें खरें. तरी एखादा हंडा उचलावयास हरकत नसावी.

बरें, महाडास पाणीच नाहीं असेंहि नव्हे. सावित्री, गांधारी, काळ या नद्या येथल्याच. पाऊस वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या घरांत. २०२१ च्या जुलैंत तर शहरच पुराखालीं गेलें, आणि सभोंवार पाणी असून पिण्यास घोट मिळेना. पण सह्याद्रीचा उतार उभा, कातळ काळा. पावसाळा संपतांच पाणी खाडीकडे निघून जातें, आणि वैशाखांत महाड-पोलादपूरच्या कित्येक वाड्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. कारखान्याचें तसें नाहीं. त्याचा भूखंड कागदावर असतो, त्याच्या नांवानें मीटर बसतो. त्यांतच राबणाऱ्या भाडेकऱ्याचें नांव कोठें लिहिलेलें नसतें.

कागद आणि पाणी यांचें नातें या गांवास नवें नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावे, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत सी. के. बोले यांनीं १९२३ सालीं संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेंहि १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें, कागदावर! प्रत्यक्षांत ओंजळ भरावयास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, दावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल हातीं येण्यास १९३७ साल उजाडलें.

तेव्हां आड येत होती ती जात. आज पुष्कळ ठिकाणीं आड येतो तो पत्ता. मुंबईच्या अनधिकृत वस्त्यांसंबंधीं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयानें १५ डिसेंबर २०१४ रोजीं सांगितलें कीं, झोपडी बेकायदा असली तरी तींत राहणाऱ्यास पाणी नाकारतां येणार नाहीं. घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याच्या हक्कांत पाणी येतें. महाडच्या खोल्या बेकायदा असतीलच असें नाहीं. त्यांची अडचण साधी आहे. नळासाठीं अर्ज करावयाचा तर घरमालकाची सही लागते, आणि मालक पुष्कळदां मुंबईस राहतो.