मळखाऊ अंथरूण



आज बोलायचं आहे ते कुत्र्याच्या अंथरुणाबद्दल. मांडीवर मावणाऱ्या कुत्र्याच्या नव्हे. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, असला तीस किलोच्या पुढचा ऐवज, जो डोंगरातून चिखल घेऊन येतो आणि हॉलच्या बरोबर मध्यावर उभा राहून अंग झटकतो, त्याच्या अंथरुणाबद्दल. हेच भाषण बार्शीत किंवा जालन्यात करायचं असतं तर पाच मिनिटांत उरकलं असतं. तिकडे जुनी गोधडी टाका, मळली की धुवा, पत्र्यावर पसरा, दुपारपर्यंत कडकडीत. पण मी राहते तुंगार्लीत, आणि इथं अंथरूण धुणं हा प्रश्नच नाही. वाळवणं हा आहे.

तुंगार्ली म्हणजे लोणावळ्यातला, धरणाकडे आणि पुढं राजमाचीच्या वाटेकडे चढत जाणारा भाग. मूळचं गाव लहान, भोवती बंगले पुष्कळ, त्यातले बरेचसे मुंबई-पुणेकरांचे. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तिथून ६५ किलोमीटरवर, घाटमाथ्यावर, आमच्याकडे ४०००च्या पुढं. तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत ढग खिडकीतून घरात येतात. ते बघायला लोक शनिवारी गाड्या भरून येतात, आणि आम्ही कपाटातल्या चपलांवरची बुरशी पुसत असतो.

अशा हवेत दुकानातली ती गुबगुबीत गादी येते, कडेला उशीसारखी गोल किनार असलेली. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘वॉशेबल’. खोटं नाही ते. धुता येते. पण आतला फोम उघड्या छिद्रांचा, स्पंजाच्याच जातीचा. एकदा पाणी प्यायला की दाबून निघतं ते थोडंच, उरलेलं पोटात राहतं. उन्हाळ्यात दोन दिवसांत सुकेल. जुलैत आठवडाभर पंख्याखाली ठेवली तरी मध्यभागी हात दाबला की गार लागतं. मग वास सुरू होतो. ओल्या कुत्र्याचा म्हणून जो वास आपण म्हणतो, तो पुष्कळसा केसांतल्या आणि कातडीवरच्या जंतूंचा आणि यीस्टचा असतो, आणि त्यांना उबदार ओल्या फोमइतकी सोयीची जागा दुसरी नाही. पावसाळ्यात कुत्र्यांच्या पोटाला, काखेत, बोटांच्या बेचक्यात खाज आणि लाली येते. कारणं अनेक असतात, पण कुत्रा रोज ओलसर गादीवर झोपत असेल तर औषधाचा निम्मा उपयोग तिथंच जातो.

आणि गादी धुणार कोण? शनिवार-रविवारच्या बंगल्यांत कुत्रा येतो, धरणावर जातो, गादीवर लोळतो आणि सोमवारी सकाळी मालकांबरोबर गाडीत बसून जातो. गादी राहते. ती उचलते बंगला सांभाळणारी मावशी. सहा-सात किलो कपड्यांच्या मशीनमध्ये ती गादी जात नाही, म्हणून मोरीत घालून, वर उभं राहून तुडवायची. कोरडी असताना चार किलोची गादी भिजल्यावर दोघांना उचलत नाही. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की दुकानात उभं असताना ‘धुता येईल का’ हे विचारूच नका. ‘एका बाईला एका हातानं ओली उचलता येईल का, आणि रात्रभरात पंख्याखाली वाळेल का’, हे विचारा. नव्वद टक्के माल तिथंच बाद होतो.

उरतं काय? बाज. आपल्याकडे घरोघर होती तीच, फक्त बुटकी. चार पाय, चौकट आणि मध्ये ताणलेलं कापड किंवा नवार. खाली हवा खेळते, पाणी साचत नाही, चिखल वाळला की झटकून खाली पडतो. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याला पालखीचा मान होता असं सांगतात. संगम माहुलीला त्याचं स्मारक आहे. आपल्या लॅब्राडॉरला पालखी नको. जमिनीपासून वीतभर उंची पुरे.

ही बाज विकतही मिळते, पण मी म्हणेन फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. चौकटीला साधा लोखंडी पाइप नको. आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज धरतो, आणि वरचा रंग कुत्र्याच्या नखांनी आधीच निघालेला असतो. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, किंवा अॅल्युमिनियमचा एक इंची चौकोनी पाइप घ्यावा. पायांना खाली रबरी बूच, आणि पाइपाची जी जी तोंडं उघडी राहतील तिथंही बूच. हे दुसरं बूच फार महत्त्वाचं आहे. गोचीड रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावर थांबत नाही. खाली उतरते, फट शोधते आणि तिथं हजारांनी अंडी घालते. भिंतीतली भेग, दाराची चौकट आणि तुमच्या नव्या बाजेचा पोकळ पाय, हे सगळं तिला सारखंच. आजीच्या काळी बाजेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतून ढेकूण मारत, त्यातलंच हे शहाणपण. गोचीड तापानं कुत्रं आठवडाभरात कसं खंगतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना दोन रुपयांच्या बुचाचं महत्त्व सांगावं लागत नाही.

मध्ये ताणायला काय? सुती नवार नको. सूत आपल्याला कोरडं वाटतं तेव्हाही हवेतला ओलावा धरून असतं, साध्या हवेत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के. लोकर तर पंधरा टक्क्यांच्याही वर. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून अंगाला नकोसं वाटणारं पॉलिस्टर या एका कामी सुतापेक्षा उजवं. बागेतल्या खुर्च्यांना असते ती जाड विणीची पीव्हीसी जाळी सगळ्यात उत्तम. पाइपानं पाणी मारा, फडक्यानं पुसा, तासाभरात कुत्रा वर. वीण मात्र घट्ट हवी. सैल जाळीत नख अडकतं आणि कुत्रा दचकून ओढतो. जाळी चौकटीला कायमची ठोकू नका. कडेला पितळी आयलेट मारून घ्या आणि नायलॉनच्या दोरीनं आवळा. महिन्या-दोन महिन्यांत झोळ पडतोच. दोरी ओढली की पुन्हा ताठ. ताडपत्रीही चालते, पण तिच्यातून पाणी आणि हवा जात नाही, आणि कुत्र्यानं कूस बदलली की रात्री दोन वाजता करकर आवाज होतो.

मापाबद्दल एवढंच, की माणसानं अंथरूण पाहून पाय पसरावेत, कुत्र्याच्या बाबतीत पाय पाहून अंथरूण शिवावं. तो उभा असताना मोजू नका. दुपारी कुशीवर पसरून झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत टेप लावा आणि वर वीतभर वाढवा.

आता म्हातारा कुत्रा. इथं मात्र नुसत्या जाळीवर भागत नाही. जड कुत्र्याची कोपरं तुम्ही कधी नीट पाहिलीत का? पुढच्या पायाच्या कोपराचं हाड कातडीच्या लगेच खाली असतं, मध्ये मांस नाही. कठीण फरशीवर रोज धपकन बसून तिथले केस जातात, कातडी करडी आणि भेगाळ होते, घट्टा पडतो. कधी आत पाणी भरून लिंबाएवढी गाठ येते. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा मुळातच नीट न बसण्याचा दोषही बराच आढळतो. अशा कुत्र्याला फोम हवाच, पण चांगला. गादीवाल्याकडे गेल्यावर किमतीआधी घनता विचारा. ४० डेन्सिटीच्या खाली घेऊ नका, जाडी चार इंच. मग दुकानातच त्यावर गुडघा रोवून भार द्या. गुडघ्याला जमीन लागली तर ती कुत्र्यालाही लागणार.

हा फोम भिजू द्यायचा नाही. त्यासाठी आपल्याकडे पूर्वापार वस्तू आहे: बाळाच्या दुपट्याखाली घालतात ते मेणकापड. फोमला आधी मेणकापडाचा अभ्रा, तोंड खालच्या बाजूला. त्यावर बाहेरचा अभ्रा, आणि हा नेहमी दोन नग. एक अंगावर, एक दोरीवर. धुवायचा तो फक्त बाहेरचा. जाड पॉलिस्टर किंवा डेनिममिश्रित कापडाचा अभ्रा मशीनमध्ये सहज जातो आणि पिळून काढल्यावर मावशीला एकटीला उचलतो. पिळण्याचं चक्र दोनदा चालवा. जुलैत त्या दुसऱ्या फेरीनं एक अख्खा दिवस वाचतो.

शिंप्याला काय सांगायचं ते नीट ऐका, कारण तो सोफ्याच्या सवयीनं शिवतो. कडेला पायपिंग नको. ती गोल किनार दिसते छान, पण कुत्र्याच्या दातांना धरायला मूठच मिळते. बटण नको, गोंडा नको. कोपरे गोल. शिलाई दुहेरी आणि दोरा नायलॉनचा, कारण झोपण्याआधी कुत्रा गोल गोल फिरतो आणि पुढच्या पंज्यांनी उकरतो, आणि तो उकरतो तो नेमका शिवणीवर. चेन आठ नाहीतर दहा नंबरची, खालच्या अंगाला, वर कापडाची पट्टी. चेनचा लटकता तुकडा सरळ काढून टाका; धुवायच्या दिवशी तिथल्या भोकात पिन घालून ओढायची. एवढं केलं की कुत्र्याला ती चेन सापडतच नाही.

रंग? दुकानात हौसेनं क्रीम आणि आकाशी दाखवतात. आमची माती तांबडी, लोहाची. तिचा डाग एकदा बसला की ब्लीचनं जात नाही. तेव्हा विटकरी किंवा गडद तपकिरी घ्यावा, अगदी मळखाऊ. काही जण म्हणतात मळखाऊ रंगात घाण कळत नाही. कुत्र्याच्या अंथरुणाची घाण डोळ्यांना कळायच्या आधी नाकाला कळते.

धुण्याच्या दोन-तीन गोष्टी सांगते आणि पुढं जाते. चिखल ओला असताना चोळू नका. वाळू द्या, मग ब्रशनं झटका. केस कोरडे असतानाच काढा, रबरी हातमोजा ओला करून अभ्र्यावरून फिरवला की त्यांच्या वळ्या होऊन निघतात. नाहीतर मशीनची जाळी तुंबते. रक्त, ओकारी असलं काही असेल तर आधी गार पाणी. पण गोचिडी आणि पिसवा असतील तर पुढचं धुणं ६० अंशांच्या गरम पाण्यातच हवं. गार पाण्यात त्यांचं फक्त स्नान होतं. लघवीच्या डागावर ब्लीच ओतू नका, त्या दोहोंतून निघणारी वाफ छातीला वाईट. आणि सुगंधी कंडिशनर घालू नका. तो वास आपल्याला आवडतो, कुत्र्याला त्यात तोंड खुपसून रात्र काढायची असते.

दोन वर्षांच्या आतलं पिल्लू असेल तर यातलं काहीच करू नका. जुनी चादर द्या. ते गादी खातं, आणि गिळलेला फोम आतड्यात अडकला तर पोट फाडावं लागतं.

एक तक्रार नेहमी ऐकू येते, की एवढा खर्च केला आणि कुत्रा झोपतो शहाबादी फरशीवर. एप्रिल-मेमध्ये झोपणारच. दाट केसांच्या कुत्र्याला गारवा हवा असतो. रुसू नका. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे चांगली थंडी पडते, तेव्हा तो आपण होऊन बाजेवर येतो. त्या दिवसांत वरून जुनं घोंगडं टाकावं. खरखरीत असतं पण उबेला तोड नाही, आणि हवा कोरडी असल्यानं उन्हात टाकलं की निर्मळ होतं. मृग लागला की मात्र ते उचलून माळ्यावर. भिजलेलं घोंगडं आमच्याकडे दसऱ्यापर्यंत वाळत नाही.

आवारात बाहेर राहणाऱ्या राखणीच्या कुत्र्याचं काय, हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. त्याला आपली टाकलेली चादर नको. चादर पाणी धरते आणि तो रात्रभर ओल्यात पडतो. त्याला भाताचा पेंढा द्यावा. आमच्या मावळात त्याची ददात नाही. इंद्रायणी तांदूळ आला तोच मुळी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून, १९८७ साली. खताच्या रिकाम्या पोत्यात पेंढा कोंबून, पोतं लाकडी फळ्यांवर, छपराखाली ठेवायचं. पेंढ्यावरून पाणी ओघळतं, आत ऊब राहते, आणि ओला झाला तर फेकून नवा भरायचा. धुणं नाही, वाळवणं नाही. कुसळं नाहीत एवढं बघा, ती कानात जातात. आणि पोत्याच्या आसपास उंदीर येत असतील तर जागा बदला. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्यालाही आणि पोतं हाताळणाऱ्यालाही. कुत्र्याला त्याची लस पावसाच्या आधी टोचून घ्यावी.

शेवटी वेळेचं. जाळी, आयलेट, अभ्रे, हे सगळं करून घ्यायचं असेल तर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात. त्यानंतर ताडपत्री शिवणारा प्रत्येक माणूस बंगल्यांच्या गच्च्या आणि दुकानांची छपरं झाकण्यात गुंततो, आणि कुत्र्याचं काम घेऊन गेलात तर आधी तुमच्याकडे आणि मग कुत्र्याकडे बघून म्हणतो, गणपतीनंतर या.